सातपुड्याच्या पायथ्याचे पानमळे

वऱ्हाडचे नाव घेतले की कापसाने पांढरे झालेले सपाट काळे रान डोळ्यांपुढे उभे राहते, आणि गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाने या चित्राला इतका उजाळा दिला आहे की, याच प्रांताच्या उत्तर कडेला, गाविलगड आणि नरनाळा या दोन दुर्गांच्या पायथ्याशी, अचलपूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा अशा गावांच्या शिवारांत कापसाहून कितीतरी अवघड अशी एक बागाईत पिढ्यान् पिढ्या नांदत आली, याची आठवण खुद्द वऱ्हाडकरांनाही क्वचितच होते. ही बागाईत पानमळ्यांची. बारी समाजाने ती जोपासली, तांबोळ्यांनी तिचे पान गावोगाव पोचवले, लग्नाच्या मांडवापासून देवाच्या पूजेपर्यंत त्या पानावाचून कोणाचे अडले नाही असे झाले नाही. परंतु त्या मळ्याची रचना कोणत्या विचारावर उभी होती, त्यात कोणती झाडे कशासाठी लावली जात, एकाचा दोष दुसऱ्याने कसा झाकला जाई, हे लिहून ठेवण्याची आवश्यकता आपल्या शिकलेल्या मंडळींपैकी फारच थोड्यांस वाटली.

नागवेल ही मूळची मलायाकडच्या सदाहरित अरण्यातली. तेथे तिला बारमाही दमट हवा लाभते, उंच वृक्षांच्या पर्णभारातून गाळून आलेला मंद प्रकाश लाभतो, मुळांना कुजलेल्या पाल्याची भुसभुशीत जमीन लाभते आणि चढायला एखादे खोड असतेच. आता वऱ्हाडची प्रकृती पाहा. वैशाखात पारा ४५ अंशांना जाऊन भिडतो. वर्षाचा ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने आभाळ कोरडे. फाल्गुनापासून पश्चिमेचा वारा धुळीसकट वाहू लागतो आणि माणसानेही दुपारी घराबाहेर पडू नये अशी झळ सुटते. अशा देशी, जिचे पान हातात धरले तर काही घटकांत मलूल होते अशी कोमल वेल वर्षानुवर्षे जिवंत ठेवायची, हे काम नुसत्या पाण्याने साधणारे नव्हते. ते साधले वनस्पतींच्या निवडीने. वेलीला जे जे हवे आणि वऱ्हाडात जे जे नाही, ते पुरवू शकेल असे एकेक बहुवर्षायु झाड पारखून तिच्या शेजारी बसवायचे, आणि ही सर्व मंडळी एकमेकांच्या पोटावर न येता एका वाफ्यात नांदतील अशी व्यवस्था करायची, ही बारी समाजाची खरी विद्या होती असे मी मानतो. पान हे तिचे फळ.

या विद्येचे वय नेमके सांगता येणार नाही, तथापि ती अर्वाचीन नाही एवढे निश्चित. महानुभावांचे परमपवित्र क्षेत्र रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातलेच. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ज्या लीळाचरित्राचे संकलन केले, त्यात भोजनानंतरचा विडा हा नित्याच्या दिनक्रमाचा भाग म्हणून पुनःपुन्हा येतो. धान्य, मीठ, कापड या वस्तू दूरच्या मुलखातून बैलांच्या पाठीवर येऊ शकतात. विड्याचे पान मात्र ओल्या फडक्यात गुंडाळले, रोज उलटून पालटून नासके वेगळे काढले, तरी थोड्याच दिवसांचे सोबती. ज्या मुलखात सामान्य माणसाच्या जेवणानंतर विडा येतो, त्या मुलखापासून फार दूर पानमळा असू शकत नाही, हा निष्कर्ष कागदपत्रांवाचूनही काढता येतो.

पुढे अकबराच्या अमलात १५९६ च्या सुमारास वऱ्हाड मोगली सुभा झाला, आणि अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत या सुभ्याची सरकारवार व परगणेवार हकीकत नोंदविली. एलिचपूरचे, म्हणजे आपल्या अचलपुराचे वर्णन करताना त्याने तेथल्या जमिनीलगत फुलणाऱ्या एका सुवासिक जांभळट फुलाचा उल्लेख केला आहे; नावावरून आणि वर्णनावरून तो भुईचाफा असावा. राजधानीच्या मोठ्या शहराची ओळख करून देताना जमिनीत कंद ठेवून दरसाल फुलणाऱ्या एका लहानशा वनस्पतीसाठी त्याने जागा ठेवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच ग्रंथात अन्यत्र पानांच्या जाती दिल्या आहेत: बिलहरी, काकेर, जैसवार, कपुरी, कपूरकांत आणि बंगला. यांपैकी कपुरी आणि बंगला ही नावे आजही तांबोळ्याच्या दुकानात जशीच्या तशी ऐकू येतात. चैत्राच्या सुमारास वेलीचे चार-पाच बोटे लांबीचे तुकडे लावण्याची रीत त्यात सांगितली आहे, आणि दोनशे पानांच्या जुडीला ढोली म्हणत असेही नमूद आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा धंदा जाती, मापे आणि लागवडीचे हंगाम ठरलेला असा पूर्ण प्रौढ झालेला होता.

पानमळे सातपुड्याच्या पायथ्यालाच का, या प्रश्नाचे उत्तर पाण्यात आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्याचा मधला भाग खारपाणपट्ट्याचा. तेथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारट, आणि त्यावर बागाईत करू गेले तर जमीनच धरून बसते. तेथला शेतकरी पावसावरच्या पिकावर संतुष्ट राहिला तो नाइलाजाने. पायथ्याची पट्टी मात्र वेगळी. शहानूर, सापन, चंद्रभागा, वान या नद्या डोंगरातून उतरताना गोटे, वाळू आणि गाळ यांचे जे थर टाकत आल्या, त्यांत पावसाचे पाणी मुरते, गोड राहते आणि विहिरींना मिळते. जमिनीची पारख याहून सूक्ष्म. निव्वळ भारी काळी जमीन वेलीला मानवत नाही: पावसाळ्यात ती पाणी धरून मुळे कुजवते आणि उन्हाळ्यात भेगाळून तीच मुळे तोडते. बरड जमिनीत ओल टिकत नाही. म्हणून मोरंडीची, गाळाची, किंचित उताराची जागा निवडायची. तशी नसेल तर गावालगतच्या पांढरीची माती आणि शेणखत गाड्यांनी आणून काळीचा मगदूर बदलायचा, आणि जास्तीचे पाणी निघून जावे म्हणून वाफ्यांच्या शेजारून चर काढायचे. विहीर, उतार आणि माती या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच पुढच्या संसाराची तयारी सुरू होई.

हा संसार वेलीपासून आरंभत नाही. आधी येते ती शेवरी. मृगाच्या पावसावर तयार वाफ्यांच्या कडांनी शेवरीचे बी दाट ओळींत पेरतात. ती इतक्या झपाट्याने वाढते की काही महिन्यांतच माणसाच्या उंचीची होते, आणि तिच्या पायाशी नागवेलीचे बेणे लावता येते. शेवरीचे पान बारीक आणि पिसासारखे विभागलेले असल्यामुळे तिची सावली एकसंध पडत नाही, ऊन आणि छाया यांची जाळी पडते, आणि नागवेलीला अरण्यात मिळणारा प्रकाश जवळजवळ असाच असतो. पण शेवरी अल्पायुषी. तीन-चार वर्षांत ती थकते, आणि तिच्यावर संपूर्ण भरवसा ठेवला तर वेल ऐन भरात निराधार होते. म्हणून तिच्या ओळीत मधून मधून हादगा घालायचा. वऱ्हाडात याला हेटी म्हणतात, आणि त्याच्या फुलांची भाजी घराघरांत होते. तो सरळ उंच जातो, वरचे छत्र मोकळे ठेवतो, परंतु लाकूड ठिसूळ असल्यामुळे वावटळीत मोडतो. दीर्घकाळ टिकणारा आधार म्हणजे पांगारा. त्याच्या फांद्या नुसत्या रोवल्या तरी जीव धरतात, आणि सालीच्या खडबडीतपणामुळे वेलीच्या पेरांवरच्या मुळांना चिकटायला जागा मिळते. त्याचा दोष एकच, पण मोठा: माघ-फाल्गुनात त्याची पाने गळतात आणि तो निष्पर्ण अंगावर लाल फुले घेऊन उभा राहतो, म्हणजे ऊन चढू लागते नेमक्या त्याच वेळी त्याची सावली नाहीशी होते. ही उणीव शेवरी आणि हेटी भरून काढतात. त्यांच्या अल्पायुष्याची उणीव पांगारा भरून काढतो. शेवगाही कोठे कोठे असतो, तो सावलीपेक्षा शेंगांसाठी अधिक. निंब किंवा आंबा मात्र मळ्यात येऊ द्यायचा नाही, कारण त्यांची छाया गर्द आणि मुळे खादाड; तो मान बांधावर किंवा विहिरीपाशी.

मळ्याच्या सीमेवरचा विचार निराळा. पश्चिमेकडून येणारी झळ अडविण्यासाठी त्या बाजूला शेवरी अधिक दाट आणि तिच्या आत केळीची ओळ. केळ पाणी पुष्कळ पिते, म्हणून ती मळ्याच्या सखल कोपऱ्यात, जेथे वाफ्यांचे उरलेले पाणी जमते तेथे, दुहेरी उपयोगाची ठरते: ओल शोषून घेते आणि रुंद पानांनी वारा थोपवते. सर्वांच्या बाहेर तुराट्यांची आणि पऱ्हाट्यांची ताटी, म्हणजे कोरडवाहू वावरातली टाकाऊ काडी बागाईतीच्या संरक्षणाला. पहिल्या वर्षी शेवरी पुरती वाढली नसेल तर एरंडाची तात्पुरती सावली घ्यायची. प्रत्येक झाडाला अशी नेमून दिलेली कामगिरी, आणि ती संपली की निवृत्ती.

या व्यवस्थेचा एक भाग डोळ्यांना दिसत नव्हता. शेवरी, हादगा आणि पांगारा ही तिन्ही झाडे शिंबावंत कुलातली आहेत, आणि या कुलातील वनस्पतींच्या मुळांवरील गाठींच्या द्वारे हवेतला नत्र जमिनीला मिळतो, हे हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये दाखवून दिले. त्याच्या कितीतरी पूर्वीपासून पानमळ्यांतील आधाराची झाडे बहुतांशी याच कुलातून निवडली गेली. हा निव्वळ योगायोग म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गाठींचे रसायन ठाऊक नसले तरी कोणत्या झाडाच्या शेजारी वेल हिरवीगार राहते आणि कोणत्या झाडाच्या शेजारी ती पिवळी पडते, हे दहा पिढ्यांच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि अशा पाहण्याला शास्त्राचा दर्जा देण्यात आपण कृपणता करू नये. आषाढ-श्रावणात आभाळ झाकोळलेले असते तेव्हा याच झाडांच्या फांद्या छाटून वेलीला उजेड मोकळा करायचा, पाला वाफ्यात दाबायचा किंवा शेळ्यांपुढे टाकायचा. दिवाळीनंतर कोयता थांबवायचा, म्हणजे चैत्रापर्यंत छत्र पुन्हा भरून येते. सावलीचे हे वार्षिक जमाखर्चाचे काम जिवंत झाडावाचून कोणत्याही मांडवाने झाले नसते.

हे विधान तुलनेने अधिक स्पष्ट होईल. कोकणात पाऊस भरपूर आणि हवा दमट, तेथे नागवेल पोफळीच्या खोडावर चढते आणि फारशी चिंता करावी लागत नाही. उत्तरेकडे, महोब्यापासून जबलपूर-सागरापर्यंत आणि पूर्वेस बंगालात, बांबूचे खांब उभारून वर आणि चारी बाजूंनी गवत शाकारलेल्या बंदिस्त मांडवात वेल लावतात. त्यालाच बरेजा म्हणतात. बरेजात सावली हमखास मिळते, परंतु खांब कुजतात, शाकारणी दरसाल करावी लागते, आणि त्या मृत छपराकडून जमिनीला काहीच परत मिळत नाही. मेळघाटचा बांबू हाताशी असूनही वऱ्हाडच्या बाऱ्यांनी सामान्यतः उघडा, जिवंत आधाराचा मळा पत्करला, तो मला विचारपूर्वक केलेला पत्कर वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इंग्लंडात गर्ट्रूड जेकिल ही विदुषी बहुवर्षायु फुलझाडांचे ताटवे रंगसंगतीच्या दृष्टीने जुळवीत होती, आणि त्या विषयावर तिचे १९०८ मधले पुस्तक अजून वाचले जाते. तिची कीर्ती योग्यच आहे. परंतु झाडांची जुळणी ही कला असेल, तर जेथे एका झाडाची निवड चुकली तर दुसऱ्याचा प्राण जातो, तेथली जुळणी त्या कलेतली कठीणतम म्हटली पाहिजे.

मळ्यात दोन कामे जवळून पाहण्याजोगी. पहिले पान खुडण्याचे. खुडणाऱ्याच्या अंगठ्याला पत्र्याची धारदार नखी असते. डाव्या हाताने वेल नुसती सावरून धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी देठ पेरापासून अलगद बाजूला घ्यायचा आणि नखीने तो एका आघातात तोडायचा, की वेलीला हिसका बसू नये. खालून वर जायचे, परिपक्व पान घ्यायचे, शेंड्याकडची कोवळी सोडायची. देठ सगळा हवा, कारण देठावाचूनचे पान पूजेला चालत नाही आणि लवकर नासते. खुडलेली पाने आकाराप्रमाणे निवडून, देठ एका बाजूला करून रचतात, आणि मग पाणी शिंपडून केळीच्या सोपटांत बांधतात.

दुसरे काम उतरणीचे, आणि त्याला मळ्यातली सर्वांत कठीण विद्या म्हणता येईल. वर्षभरात वेल शेवरीच्या शेंड्याला जाऊन पोचते, खालचा भाग पानांवाचून लाकडासारखा होतो, वरची पाने लहान पडू लागतात. तेव्हा जमिनीचा मगदूर आणि हंगाम पाहून वेलीचे बंध सोडायचे, ती सगळी हलक्या हाताने खाली घ्यायची, बुडाशी वेटोळे करून मातीत निजवायची, वर खत आणि पांढरीची माती घालायची, आणि शेंड्याचा हातभर भाग तेवढा मोकळा ठेवून पुन्हा नव्या शेवरीला बांधायचा. पुरलेल्या पेरापेराला मुळे फुटतात आणि वेल नव्याने तरुण होते. याच युक्तीने एक मळा दहा-पंधरा वर्षे चालतो. शिवाय नागवेलीला या मुलखात फळ-बी येत नाही. जुन्या मळ्यातले बेणे तोडून नव्या मळ्यात लावायचे, एवढाच तिचा वंशविस्तार. यामुळे आजोबांच्या मळ्यातली वेल नातवाच्या मळ्यात त्याच शरीराने जगत राहते, आणि एका गावाचे बेणे नासले तर ते शेजारच्या गावातून मागून आणावे लागते. बाऱ्यांच्या गावांत परस्परांना बेणे देण्याचा जो रिवाज पडला, त्याचे मूळ या अवलंबित्वात आहे.

रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील जातिजमातींवर १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बरईंची, म्हणजे बाऱ्यांची, एक कथा दिली आहे. पांडवांच्या अश्वमेधासाठी विड्याची पाने हवी होती आणि पृथ्वीवर तर नागवेल नव्हती, म्हणून पाताळात नागांच्या राणीकडे दूत गेला. तिने आपल्या करंगळीचे पेर कापून दिले, ते जमिनीत लावले आणि त्यातून वेल उगवली. म्हणूनच हिला बी नाही, तुकडा लावूनच ती येते. वनस्पतिशास्त्रातील एक खरे निरीक्षण कथेच्या रूपाने किती नेटके जपले गेले आहे! नागपंचमीला बारी मळ्यात जाऊन नागाची पूजा करतात आणि त्या दिवशी पानाला हात लावत नाहीत, असेही त्याच ग्रंथात आहे. उन्हाळ्यातल्या गारव्याच्या ओढीने नाग खरोखरच मळ्यात येऊन राहतात, त्यामुळे या पूजेत भीती आणि शेजारधर्म दोन्ही आहेत.

मळ्याच्या सोवळ्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पादत्राणे बाहेर काढून, हातपाय धुऊन आत जायचे, परक्याने आत येऊ नये, हे नियम या धंद्यात सर्वत्र कडक होते. नागवेलीला मर लागते ती ओल्या मातीतून पसरणाऱ्या बुरशीने. एका मळ्यातला चिखल पायाला लागून दुसऱ्यात गेला तर एका पावसाळ्यात शंभर वेली बसतात. त्यामुळे या नियमाच्या मुळाशी अनुभव होता हे खरे. परंतु त्याच नियमाचा आधार घेऊन विटाळाच्या नावाखाली स्त्रियांना आणि अस्पृश्य मानलेल्या माणसांना दूर ठेवले गेले, आणि त्या अन्यायाला मर रोगाचे कारण पुरत नाही. बुरशीला जात कळत नाही.

राजकीय इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर ही पट्टी मोठ्या धामधुमीच्या वाटेवर होती. अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल चाले आणि दोघांचेही कमाविसदार वसुलीला येत. या दुअमली कारभारात जिराईतवाला फार त्रासला तर कसूर करून एखादे साल परमुलखात काढू शकत होता, पण पानमळेवाल्याला ती सोय नव्हती. आठ दिवस मोट थांबली की त्याचे भांडवल वाळून गेले. मराठी अमलात नवी लागवड वाढावी म्हणून कौल देत आणि इस्ताव्याने, म्हणजे वर्षावर्षाला थोडथोडा चढता, सारा ठरवीत. ज्या बागाईतीला पहिले वर्षभर एक पान येत नाही तिला अशा सवलतीचीच गरज असते. मग आले १८०३ साल. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला, १७ तारखेला देवगाव येथे भोसल्यांशी आणि ३० तारखेला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी तह झाला. इतिहासाच्या पुस्तकात आपण ही गावे तहांची नावे म्हणून पाठ करतो. त्या पाच आठवड्यांत जी सैन्ये, जे हत्ती-घोडे आणि जे बाजारबुणगे या पट्टीतून गेले, त्यांच्या वैरणीला आणि सरपणाला वाटेतल्या शिवारांत काय काय कामी आले असेल, याचा हिशेब मात्र कोणत्याच दप्तरात नाही.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवीने कापसाला अभूतपूर्व भाव आणला, आणि १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला. प्रांताचे सारे लक्ष कापसाकडे वळले. कापूस हे वर्षाचे पीक; पाऊस चुकला तर शेतकरी बुडतो, पण पुढच्या मृगाला पुन्हा सरकी पेरू शकतो. पानमळ्याची गोष्ट तशी नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळासारख्या वर्षी विहीर आटली तर नुसते पीक जात नाही, बेणे जाते, आणि शेवरीपासून सर्व रचना पुन्हा आरंभावी लागते. आगगाडीने आणखी एक स्पर्धा दाराशी आणली: रामटेकचे पान आधीच नामांकित होते, त्यात दूरच्या प्रांतांतले पानही आता नासण्यापूर्वी बाजारात पोचू लागले. १९१३ मध्ये मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद मापाची गाडी सुरू झाली, तीच पुढे शकुंतला म्हणून लोकप्रिय झालेली, आणि तिच्यावर अंजनगावचेही स्थानक होते. ती बांधली गेली मात्र कापसासाठी.

खरा पालट विसाव्या शतकात संत्र्याने घडविला. भोसल्यांच्या काळी नागपुरास आलेले हे फळ वरूड-मोर्शीकडून पश्चिमेस सरकत पायथ्याच्या याच गोड पाण्याच्या पट्टीत आले. संत्रा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून करतात, झाड झाडापासून सहा मीटरांवर लावतात, आणि आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून त्याला ताण देतात. संत्र्याला ताण हवा, नागवेलीला एक दिवसाचाही ताण सोसत नाही; एकाच विहिरीवर हे दोन धर्म पाळणे कठीण, आणि ज्याला मजूर कमी व भाव अधिक, तिकडे विहीर वळली हे स्वाभाविकच होते. मोटेच्या ठिकाणी आधी तेलाचे इंजिन, मग विजेचा पंप आणि शेवटी बोअरवेल आली. धावेवरून बैल मागे सरत, थारोळ्यात पाणी पडे, त्या पाण्याला बैलांच्या दमाची मर्यादा होती. पंपाला ती राहिली नाही, आणि विहिरींची पातळी वर्षावर्षाला खाली गेली. संत्र्यावर मला रोष नाही, त्याने या भागाला पैसा दिला. परंतु सहा-सात जातींच्या झाडांनी भरलेल्या मळ्याच्या जागी एकाच जातीची, एकाच अंतरावरची बाग आली, आणि एका रोगाने वा एका कोरड्या वर्षाने ती सबंध वाळताना वऱ्हाडने एकाहून अधिक वेळा पाहिली आहे, हेही सांगणे भाग आहे.

पानमळ्याची विद्या तरीही नष्ट झाली नाही, कारण बाऱ्यांनी ती दुसऱ्या एका वेलीच्या सेवेला लावली. नागवेलीचीच सख्खी बहीण असलेली पिंपळी, जिला इकडे पानपिंपरी म्हणतात, तीही सावली, ओल आणि आधार यांचीच भुकेली; सुंठ आणि मिरे यांच्या जोडीने त्रिकटूत पडणारे तिचे कणीस आयुर्वेदाला बाराही महिने हवे असते. पान रोजच्या रोज विकावे लागते, पिंपळी उन्हात वाळवली की टिकते आणि भाव येईपर्यंत घरात ठेवता येते. ज्या शेतकऱ्याला बाजारपेठेने वारंवार कोंडीत पकडले त्याला हा फरक फार मोठा. अंजनगाव सुर्जी, अकोट आणि तेल्हारा या भागांत आज पानपिंपरीच्या वाफ्यांत तीच शेवरी, तोच हादगा, तोच पांगारा आणि कडेला तोच एरंड दिसतो; काही जणांनी सावलीतल्या मोकळ्या जागेत सफेद मुसळीही लावून पाहिली आहे. बारी समाजाचे संत रूपलाल महाराज यांचे स्थान अंजनगावातच असल्यामुळे गावोगावची मंडळी तेथे एकत्र येतात, आणि जमलेल्यांच्या बोलण्यात बेणे, मर आणि विहिरीची पातळी हे विषय येणारच.

अकोल्याला १९६९ पासून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, आणि त्याच्या आवारापासून हे मळे दूर नाहीत. कपाशीच्या आणि ज्वारीच्या वाणांचा जसा संग्रह आपण करतो, तसा वऱ्हाडातल्या जुन्या पानवेलींच्या बेण्यांचा व्हावा, आणि त्याबरोबरच प्रत्येक गावातला शेतकरी कोणत्या जमिनीत शेवरीला किती पांगारा घालतो, हेटी कोणत्या बाजूला ठेवतो, केळ कोठे थांबवतो, छाटणी कोणत्या नक्षत्राला करतो आणि का, याची गाववार टिपणे ज्यांनी स्वतः उतरणी केल्या आहेत त्या म्हाताऱ्यांच्या तोंडून आताच करून घ्यावीत. जमाबंदीच्या कागदात मुख्य पिकाचे नाव पडले की सावलीच्या झाडांची विचारपूस संपते, आणि बागाईतीचे हे सगळे शहाणपण तर त्या झाडांच्या जागा ठरवण्यातच आहे.